रावसाहेबांचे मराठी

'रावसाहेब' मी आजवर किती वेळा ऐकले, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे शोभत नाही, असे आमचे अकाउंटन्सीचे सर म्हणतील. पण ज्या खात्यात नुसती जमाच होत असते त्याचा ताळेबंद कोण मांडत बसतो? परीक्षा संपली की एकदा, भाताची मळणी उरकली की एकदा, आणि पावसात वीज गेली नि मोबाईलची बॅटरी थोडी शिल्लक असली की हमखास एकदा, असे ते ऐकणे चालू असते. बेळगुंदीचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना आकड्याचा अंदाज येईल.

पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत' या पुस्तकातले हे व्यक्तिचित्र. बेळगावचे कृष्णराव हरिहर, म्हणजेच रावसाहेब, हे त्याचे नायक. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवीत होते. (ज्या बाकांवर त्यांचे विद्यार्थी बसले ते बाक आता असतील तर त्यांना हळदकुंकू वाहायला हवे!) त्या बेळगावच्या दिवसांतला हा गोतावळा. गाण्याचे आणि नाटकाचे वेड, दिलदार मन, तोंडात उठता-बसता शिवी आणि बोलण्याला अस्सल कानडी हेल, असे हे रावसाहेब. पुस्तकात ते वाचायला मिळतात; पण पु. लं.नी ते स्वतःच्या आवाजात सांगितले आहेत, त्याची गोष्टच निराळी. छापील पानावर शब्द दिसतात, हेल दिसत नाही. आवाजात मात्र पु. ल. स्वतः निवेदन करतात तेव्हा ते पार्ल्याचे असतात, आणि रावसाहेब बोलू लागले की एका श्वासात ते आमच्या बाजारात येऊन उभे राहतात. वाक्याचे शेपूट वर उचलले जाते, 'की' लांबते, आणि एकेका शब्दावर असा दाब पडतो की जणू तो शब्द पायाखाली घेऊन मळला आहे.

आमच्या घरी हे प्रथम कॅसेटवर आले. वडिलांच्या तरुणपणची ती कॅसेट. टेपरेकॉर्डर गेला, फीत गुंतून तुटली, आणि आता तेच सारे माझ्या मोबाईलमध्ये आहे. आवाजाबरोबर फितीची खरखर येत नाही, एवढाच काय तो तोटा.

आता मुख्य गोष्ट सांगतो. विनोद एकच, पण माणसे हसतात ती वेगवेगळ्या जागी. हे मला पुष्कळ उशिरा कळले आणि कळल्यापासून मी 'रावसाहेब' ऐकण्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडेच अधिक पाहू लागलो.

आमची आजी पहिल्यांदा ऐकायला बसली तेव्हा शिव्यांच्या जागी तिने पदर तोंडाला लावला. डोळे हसत होते. पण जिथे शहरातले लोक खो खो हसतात, म्हणजे रावसाहेब नुसते सरळ काही बोलतात तिथे, तिचा चेहरा मठ्ठच. शेवटी तिने मलाच विचारले, "ह्येच्यात हसण्यासारखं काय रे? बरोबर बोलूलालाय की तो." आणि पाट्यावर वाटण तसेच राहिले आहे हे आठवून, "मी जातो आत," असे म्हणत उठली.

'मी जातो' हे आजी म्हणाली. 'जाते' नव्हे. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत खेड्यापाड्यांतल्या बायका स्वतःबद्दल असेच बोलतात. मी येतो, मी करतो, मी जेवलो. आम्हांला त्यात काही वेगळे वाटत नाही. पुण्यामुंबईचा पाहुणा मात्र पहिल्या वेळी दचकतो आणि दुसऱ्या वेळी नक्कल करतो. 'करूलालाय', 'जाऊलालाय', 'ये की', 'बस की' ही आमच्या रोजच्या जेवणातली भाकरी आहे. भाकरीला कोणी हसते काय? आजीला रावसाहेबांच्या बोलण्यात विनोद दिसला नाही, कारण तिच्या कानाला ते बोलणे म्हणजे बोलणेच होते. तिला त्यात एक मोठ्या मनाचा, फटकळ म्हातारा दिसला. तसे म्हातारे आमच्या आळीतही होते.

पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलो असताना हेच मी दिवाणखान्यात लावले. तिथली मंडळी रावसाहेबांच्या पहिल्या वाक्यालाच फुटली. अजून विनोद आला नव्हता, नुसता हेल आला होता! पुढे खरोखरीच्या विनोदालाही ती हसली, पण पहिले हसू हेलाचे. माझ्या मावसभावाने लगेच माझ्याकडे वळून, "हा अगदी तुझ्यासारखा बोलतो रे," असे सांगितले. त्यात वाईट हेतू नव्हता. त्याला कौतुकच वाटले होते. मीही हसलो. पण मनात एक बारीक कुसळ राहिले ते राहिलेच. पु. लं.नी आम्हांला हसवले, की आम्हांला हसण्याचा विषय केले?

हा प्रश्न वरवर पाहता फार लहान आहे. पण माझ्यासारख्याला तो लहान राहत नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. घरात मराठी, बसच्या पाटीवर कानडी, कॉलेजात जमाखर्च इंग्रजीतून. मित्रांत कानडी मी सहज बोलतो, पण सरकारी कार्यालयात बोललो की समोरचा माणूस ओळखतोच की हे मराठीवाले. तेव्हा जी भाषा 'माझी' म्हणून मी मिरवायची, तिच्याही माहेरघरी कोणी तिला 'गंमत' म्हणून ऐकू लागले, तर आम्ही जायचे कुठे?

दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला गेलो होतो. विषय आमच्या भागातल्या पाण्याचा होता, मी तयारी चांगली केली होती आणि भाषणही बरे झाले. परीक्षकांनी निकालाआधी प्रत्येकाविषयी दोन शब्द सांगितले. माझ्याविषयी सांगितले ते असे, की आशय उत्तम, उदाहरणे ताजी, मात्र उच्चारांवर कानडीची छाप आहे, ती घालवावी. बक्षीस मिळाले नाही, त्याचे काही नाही. बक्षीस घेतलेली मुलगी खरेच सरस बोलली. पण चहाच्या वेळी तेच गृहस्थ जवळ आले, प्रेमाने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं ते बेळगावी फार गोड असतं हो, जरा बोलून दाखवा की!" दोन तासांपूर्वी जी घालवायची होती तीच छाप आता चहाबरोबर हवी होती. मी काहीतरी बोललो. मंडळी हसली. त्या दिवसापासून माझ्याकडे दोन मराठी आहेत. एक बाहेर नेण्याचे, इस्त्री केलेले, आणि एक घरचे. बस हिंडलग्याच्या पुढे आली की आपोआप पहिले उतरते आणि दुसरे चढते.

याच सुमारास माझ्या बैलहोंगलच्या मित्राने मला 'माइंड युवर लँग्वेज' दाखवले. ही जुनी इंग्रजी दूरदर्शन-मालिका १९७७ साली विलायतेत सुरू झाली. लंडनमधली संध्याकाळची शाळा, ब्राऊन नावाचे सालस मास्तर, आणि त्यांच्यापुढे देशोदेशीची प्रौढ माणसे इंग्रजी शिकायला बसलेली. त्यांत आपल्याकडचे सरदारजी रणजित सिंग, पाकिस्तानचा अली नदीम, आणि वर्गात विणकाम करीत बसणारी जमिला. हीच कल्पना घेऊन १९९३ मध्ये आपल्याकडे हिंदीत 'जबान सँभालके' निघाले, त्यात पंकज कपूर मास्तर होते. पहिल्या भागात ब्राऊन सर वर्गात येतात आणि एकेक विद्यार्थी ओळख करून देतो. तो भाग आम्ही लागोपाठ दोनदा पाहिला. पहिल्या वेळी आम्ही दोघेही पोट धरून हसलो. दुसऱ्या वेळी मित्र जमिलापाशी गप्प झाला. तिला इंग्रजी जवळजवळ येतच नाही आणि हसू त्याचेच आहे. तो कानडीत एवढेच म्हणाला, की बेंगळूरला बहिणीकडे गेल्यावर आमची आई दुकानात अशीच उभी असते.

त्याच्या आईला कानडी येते, चांगले ठसठशीत येते. पण ते उत्तर कर्नाटकाचे. 'बर्री', 'हौद्री' असे 'री' लावून मान देणारे. बेंगळूरच्या दुकानातला पोरगा ते ऐकून हसतो. म्हणजे हे आमच्याच वाट्याला आले आहे असे नव्हे. धारवाडच्या बोलीत ज्यांनी कविता लिहिल्या त्या द. रा. बेंद्रे यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळाले. त्यांच्या घरची भाषा मराठी होती. एवढा मान मिळूनही दुकानातल्या पोराचे हसू काही थांबले नाही!

'माइंड युवर लँग्वेज' मला आवडते, आजही मी ते पाहतो. पण तीन-चार भाग झाले की पुढचा विनोद पडद्यावर येण्याआधीच आपल्याला ऐकू येतो. मास्तर प्रश्न विचारणार, उत्तर चुकीचे येणार, हशा होणार. त्या माणसांना चुकण्यापलीकडे दुसरे काम लेखकाने दिलेलेच नाही. रणजित सिंग लंडनला का आला, रात्री खोलीवर जाऊन काय खातो, कुणाची आठवण काढतो, याची चौकशी कोणी करीत नाही. १९७९ मध्ये मालिका बंद झाली. परदेशी माणसांची ठोकळेबाज टिंगल होते म्हणून ती काढून टाकावी असे वाहिनीच्या मायकेल ग्रेड यांना वाटले होते. मला स्वतःला बंदीपेक्षा कंटाळ्याचे कारण अधिक पटते.

त्या रात्री घरी येऊन मी 'रावसाहेब' पुन्हा लावले. पण आता कान दुसऱ्या गोष्टीसाठी टवकारले होते. मला पाहायचे होते, की पु. ल. या माणसाला ब्राऊन मास्तरांच्या वर्गात बसवतात का.

बसवत नाहीत. संबंध कथनात निवेदक रावसाहेबांचे एकही वाक्य दुरुस्त करीत नाही. तो स्वतः मराठीचा प्राध्यापक होता, हे लक्षात घ्या. हेल ऐकवतो, शिव्या ऐकवतो, पण त्या बोलण्यातून प्रत्येक वेळी रावसाहेबांना काहीतरी करायचे असते. कुणाचे गाणे आवडले हे सांगायचे असते, कुणावर प्रेम करायचे असते, कुणाला झाडायचे असते. बोलणे हे त्यांचे काम आहे, चूक नव्हे. उलट शेजारी उभा असलेला निवेदकच, आपले नीटनेटके मराठी सांभाळीत, जरासा फिका दिसू लागतो. मला तर असे वाटते, की हे पु. लं.ना ठाऊक होते आणि त्यांनी ते मुद्दाम होऊ दिले.

मग मी त्यांची इतर माणसे आठवून पाहिली. 'व्यक्ती आणि वल्ली'मधला सखाराम गटणे पाहा. त्याच्या मराठीत नाव ठेवायला जागा नाही. पुस्तकासारखे शुद्ध बोलतो बिचारा, आणि हसू येते ते त्या शुद्धपणाचेच! त्याच पुस्तकातला अंतू बर्वा रत्नागिरीच्या खवट बोलीत बोलतो, आणि हसता हसता आपला घसा दाटून येतो. आणि १९७५ साली रंगभूमीवर आलेली 'ती फुलराणी' तर सबंधच या विषयावर उभी आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी ती केली. फुले विकणाऱ्या पोरीला शुद्ध भाषा शिकवून तिला मोठ्या घरात खपवायची पैज. ती शिकते, पैज जिंकली जाते, आणि मग प्रश्न उरतो, की आता या मुलीने राहायचे कुठे? मला त्या नाटकातली ती मुलगी फार जवळची वाटते. इस्त्रीचे मराठी घालून तिलाही कुठल्यातरी बसने घरी परतायचे असेल.

दूरचित्रवाणीचे तंत्र शिकायला पु. ल. स्वतः लंडनला बी. बी. सी.कडे जाऊन आले होते. 'अपूर्वाई' हे त्याच प्रवासाचे पुस्तक. परक्या भाषेच्या गावात आपण कसे चाचपडतो, हे त्यात त्यांनी हसत हसत लिहिले आहे. तेव्हा रावसाहेबांकडे ते वरून पाहत नाहीत, यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट या वेळी नव्याने ध्यानात आली. पु. ल. बेळगावात शिकवीत होते तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. धारवाडही त्याच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला रेषा आखली गेली आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. १९७३ मध्ये त्याचे नाव कर्नाटक झाले. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, २०१४ मध्ये गावाचे 'बेळगावी' झालेले नाव, हे सगळे आमच्या पिढीला जन्मतःच वारशाने मिळाले आहे. आमच्याकडे कुणी कानडीमिश्रित मराठी बोलला की त्यातून तो कुठल्या बाजूचा, हे काढायला माणसे टपलेली असतात. रावसाहेबांच्या तोंडी तेच मिश्रण येते तेव्हा त्यातून कुठलीच बाजू निघत नाही. तो नुसता एका गावाचा आवाज आहे. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कुणाचे, म्हणून त्या गावात कोणी भांडत नसावे.

शेवटचा भाग मी नेहमी एकट्याने ऐकतो. रावसाहेब आता नाहीत, हे तिथे येते. इतका वेळ घुमणारा तो हेल थांबलेला असतो आणि पु. लं.चा स्वतःचा, पार्ल्याचा आवाज तेवढा उरतो. तो खाली आलेला असतो. पुण्याच्या त्या दिवाणखान्यातही तिथे कोणी हसले नव्हते. मावसभाऊ पंख्याकडे बघत बसला होता. हे मला त्या वेळी दिसले होते, पण मी ते जमेस धरले नव्हते, कारण मन पहिल्याच हसण्यापाशी अडून बसले होते. हेलाला हसत आत शिरलेली माणसे शेवटी त्या हेलाच्या मालकासाठी गप्प बसली, ही काही लहान गोष्ट नाही. तरीही त्या परीक्षकांना मी माफ केले आहे, असे मात्र समजू नये.

आमच्या तालुक्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून दर वर्षी साहित्य संमेलने भरतात. मांडवात शेतकरी, शाळेची मुले, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. त्यांत कथाकथन हे असतेच, आणि पुष्कळ कथाकथनकार पुण्याच्या मराठीत सुरुवात करून, विनोदाची जागा आली की 'गावच्या' भाषेत उतरतात. मला ही रीत आवडेनाशी झाली आहे. दुःखाची जागा आली, शहाणपणाची जागा आली, की परत शुद्ध मराठी! जणू आमच्या बोलीत कोणी रडतच नाही. गेल्या वर्षी मी हे आमच्या मराठीच्या सरांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "मग तू लिही की." त्यांचाही 'की' लांबलाच.

म्हणून या स्नेहसंमेलनात मी एक छोटे कथन करणार आहे. आळीतल्या एका म्हाताऱ्याचे, नाव बदलून. निवेदनही घरच्याच भाषेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आजीला दोनदा वाचून दाखवले. ती एका ठिकाणी हसली आणि एका ठिकाणी, "असं न्हवतं बोलत तो," म्हणून तिने वाक्य बदलायला लावले.

आणि बैलहोंगलच्या मित्राला मी 'रावसाहेब' पाठवले. त्याला मराठी वाचता येत नाही, बोललेले बरेचसे कळते. पु. लं.चे निवेदन त्याला थोडे थोडे अडले, त्याचे अर्थ त्याने विचारले. रावसाहेबांच्या वाक्यांचा अर्थ त्याने एकदाही विचारला नाही. रात्री त्याने ते वडिलांना ऐकवले. ते पिढीजात कापसाचे शेतकरी. बाजाराच्या निमित्ताने बेळगावला आयुष्यभर येत-जात आले. त्यांनी शिव्या येताच मुलाला बाहेर जायला सांगितले आणि मोबाईल स्वतःकडे ठेवून घेतला. तो त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी परत मिळाला, बॅटरी पूर्ण उतरलेली.